एकच बोट कमी

प्रिय यंत्रवाली,

हे पत्र तुला गाडीच्या कागदांबरोबर सापडेल असा माझा अंदाज आहे. रविवारी गाडी बघायला तो माणूस येणार, त्याला कागद दाखवावे लागणार, आणि कागद सीटखाली असतात. म्हणजे सीट उचलल्याशिवाय तुझी सुटका नाही आणि हे वाचल्याशिवायही नाही. एकाच घरात राहून, रोज एकाच टेबलावर जेवून सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं, तेही असं लपवून, हे तुला विचित्र वाटेल. मलाही वाटतंय. पण गेल्या सात महिन्यांत मी निदान वीस वेळा तुझ्यासमोर येऊन घसा खाकरला आणि दर वेळी 'चहा घेणार का' एवढंच विचारून परत फिरलो. तू बिचारी दर वेळी हो म्हणालीस. माझ्या भित्रेपणापायी तुझ्या पोटात किती चहा गेला असेल देव जाणे. आधी एक कर. हातातली सीट जमिनीवर उलटी ठेवू नकोस, कापडाला खडे टोचतात. भिंतीला टेकव आणि पायरीवर बसून वाच. पत्र लांबणार आहे. मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुझी सासू तुला कधीही सांगेल.

तू गाडी विकायला काढलीस आणि पहिल्या तारखेपासून ऑफिसातली टेबलाची जागा कायमची घेणार आहेस. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तुझ्या सासूने तर त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाची धूळसुद्धा पुसली, ते ती फक्त अतिशय आनंद झाला की करते. मलाही हायसं वाटायला हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांपूर्वी तू त्या माणसाशी फोनवर बोलत होतीस, मी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होतो आणि खिडकी उघडी होती. एवढी कमी चाललेली गाडी का विकताय, काही दोष आहे का, असं त्याने विचारलं असणार. तू म्हणालीस, "गाडीत काही दोष नाही. चालवणारी कमी पडली." आणि हसलीस. ते हसणं मला ऐकवलं नाही. मी अख्खी बादली एकाच कुंडीत ओतली. ते रोप नंतर कुजलं आणि ते कसं कुजलं हे तुझ्या सासूला अजून कळलेलं नाही.

तू आधी माझी गिऱ्हाईक होतीस आणि मग सून झालीस, हे आपल्या घरात कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. माझ्या आहे. चार वर्षांपूर्वी तू तुझी ती पहिली, हलकी मोटरसायकल घेऊन दुकानात आलीस आणि म्हणालीस, सीटवाले काका, आठवड्याला सहाशे किलोमीटर बसते, कंबरेचा पार भुगा झालाय. जग माणसाला चेहऱ्यावरून ओळखतं, मी बैठकीवरून. तुला त्या मऊ मातीच्या लादीवर बसवलं आणि चहा संपेपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं, कारण त्याशिवाय ठसा नीट उमटत नाही. तू चहाच्या तिसऱ्या घोटाला उठलीस. माझ्या शिलाई मशीनचं पायडल अडकून आवाज करत होतं, तो आवाज तुला सहन होईना. पँटच्या मागे माती तशीच, गुडघ्यांवर बसून तू ते मशीन उघडलंस आणि दहा मिनिटांत ठीक केलंस. मग सांगितलंस की तू लांबलांबच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतेस, जिथे दुसरं कुणी जायला तयार नसतं तिथली. मी वहीत तुझ्या नावाऐवजी 'यंत्रवाली' असं लिहिलं. माझ्या वहीत सगळे असेच आहेत, दूधवाला, बँकवाली, जाडा मास्तर, बारीक मास्तर. त्या वेळी तू सीट अर्धं बोट कमी करायला सांगितलीस आणि मी बरोबर अर्धं बोट कमी केली. एक सूतही इकडे ना तिकडे. ती सीट पोचवायला मी माझ्या मुलाला पाठवलं. वीस मिनिटांचं काम, गडी तीन तासांनी परत आला आणि म्हणाला, रस्ता चुकलो. पुढचं तुला माहीत आहे.

मग ऑफिसने तुला ते डोंगरापलीकडचे तीन दवाखाने दिले. तिथे जायला डांबर अर्ध्या वाटेतच संपतं, पुढे नुसती माती, आणि ओली झाली की जीपही रुतते. हत्यारांचं ओझं घेऊन तिथवर जायचं तर मोठी गाडी हवी म्हणून तू ही आणलीस. ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा तुझ्या सासूने विचारलं होतं, ही घरात ठेवायची की आता आपणच हिच्यात राहायचं? तू पाच फूट दोन इंच, गाडी सव्वादोनशे किलोची, वर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. नाकापेक्षा मोती जड, असं आम्ही दोघं म्हातारे स्वयंपाकघरात कुजबुजलो. तू मात्र चिखलात मोटरसायकल चालवायला शिकवणाऱ्या त्या मैदानावरच्या मास्तरांकडे सहा शनिवार शिकायला गेलीस. गाडी पडली की तिच्याकडे पाठ करून, ढुंगण सीटला लावून, पायांच्या जोराने मागे मागे चालत ती कशी उभी करायची हे तू आम्हाला अंगणात करून दाखवलंस. मी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. त्यानंतर तू दुकानात आलीस, गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, एकच बोट कमी करा. जास्त नको. पंजे टेकले की पुरे." मी मान डोलावली.

आता तो दिवस. दोन दिवस रिपरिप होऊन थांबली होती. शेवटच्या दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला की नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र गरम होत नाही, आणि आत एक बाळ आहे. तू डबा न घेताच निघालीस. पुलानंतरच्या चढावर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या होत्या, चिकणमाती, साबणासारखी. मागचं चाक सरकलं, गाडी डावीकडे कलली आणि तू डावा पाय खाली टाकलास. पाय घोट्यापर्यंत मातीत रुतला, गाडी वरून आली, आणि हत्यारांची पेटी नेमकी घोट्यावर बसली. तू चाळीस मिनिटं तशी पडून होतीस. तू पोचली नाहीस हे बघून नर्स स्वतःच वाटेवर चालत आली म्हणून बरं. नंतर तिनेच मला सांगितलं, तुझ्या पायाला फळी बांधत असताना तू तिला त्या यंत्राची कुठली वायर सैल असेल ते सांगत होतीस. ती सैलच होती. बाळाला ऊब मिळाली. आणि शहरातल्या इस्पितळात मी थर्मास घेऊन तुझ्या उशाशी बसलो होतो तेव्हा तू डॉक्टरांना म्हणालीस की पाय टाकायला नको होता, मास्तरांनी शंभरदा सांगितलं होतं, तरी टाकला, मीच घाबरले. डॉक्टरांनी मान हलवली. थर्मासचं झाकण माझ्या हातात होतं ते मी संध्याकाळभर फिरवत बसलो.

घरी आल्यावर तुझा प्लास्टरचा पाय ठेवायला स्टूल आणलं. स्टूल कडक, म्हणून तुझ्या सासूने दुकानात जाऊन माझ्या कपाटामागून फोमचा एक तुकडा शोधून आणला, दोन बोटं जाड, पिवळट, आणि तो पायाखाली ठेवला. तू म्हणालीस, वा, अगदी मापाचा आहे. सहा आठवडे तुझा पाय त्या तुकड्यावर होता. मी त्या खोलीत आलो की खिडकीबाहेर बघत बोलायचो, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. तू एकदा नवऱ्याला विचारलंसही की बाबा माझ्यावर रागावलेत का, गाडी घेतली म्हणून. त्याने मला विचारलं, मी त्याच्यावरच खेकसलो. खाई त्याला खवखवे, पोरी. रागावलो नव्हतो. त्या तुकड्याकडे माझ्याने बघवत नव्हतं, कारण तो कुठून आला हे घरात फक्त मला माहीत होतं. तुझा मोडलेला पाय तुझ्याच सीटच्या तुकड्यावर विसावला होता.

तू एक बोट सांगितलं होतंस. मी तीन कापली. एक तू मागितलेलं आणि दोन माझ्या मनाची. वरून कापलं असतं तर तुझ्या नजरेतून सुटलं नसतं, म्हणून फोम तळातून सोडवला, खालून आधी तुझ्या एका बोटाचा आणि मग माझ्या दोन बोटांचा वेगळा काप घेतला आणि वरचा आकार होता तसा ठेवला. तू बसलीस, तुझे दोन्ही पाय टाचांसकट जमिनीला लागले, आणि तू आनंदाने ओरडलीस की बाबा, काय जादू केलीत. मी म्हटलं, पुढून जरा अरुंद केलीये ना, त्यामुळे पाय सरळ खाली येतात. एकोणचाळीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाशी बोललेलं ते पहिलं खोटं. तू मोजलं नाहीस. कशाला मोजशील, घरच्या माणसाने केलेलं काम. परकी होतीस तेव्हा तुला अर्धं बोट मोजून दिलं, आणि घरची झालीस तेव्हा फसवलं.

का, तेही सांगतो. सबब म्हणून नाही. जमिनीची मोजणी करणारा एक तरुण माझ्या वहीत होता, 'मोजणीवाला'. तुझे मैदानावरचे सहा शनिवार संपले त्याच आठवड्यात त्याचा भाऊ त्याची सीट घेऊन आला. नवीन कापड चढवून द्या म्हणाला, गाडी विकायची आहे. मी मूर्खासारखं विचारलं की का, त्याला दुसरी घ्यायची आहे का? भाऊ काउंटरवरच्या सुयांकडे बघत म्हणाला, तो गाडीवरून पडला तो उठलाच नाही. जुनं कापड सोडवलं तर खाली त्याचा ठसा तसाच होता, उजवीकडे जरा जास्त दबलेला, कारण तो मागच्या खिशात पाकीट ठेवूनच बसायचा. कितीदा सांगितलं होतं त्याला. त्या ठशावर मी नवीन कापड ओढलं. आणि दोन दिवसांनी तू आलीस, हसत, एकच बोट कमी करा म्हणून. मला वाटलं, हिचे पाय पुरते जमिनीला लागले तर ही पडणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं, ना तुझ्या सासूने, ना नवऱ्याने. भीती माझीच होती आणि सुरीही माझ्याच हातात होती.

तरीही मी स्वतःला समजावत होतो. दोन बोटांनी काय होतं? चिखल तो चिखल, कुणीही घसरेल. पण तुझं ते फोनवरचं वाक्य ऐकल्यावर झोप उडाली, आणि मी मास्तरांच्या मैदानावर गेलो. तुझ्यासाठी गेलो असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं सांगतो, माझी चूक नव्हती हे सिद्ध करायला गेलो होतो. त्यांना म्हटलं, सीट बनवणारा आहे, चिखलात माणूस कसा बसतो ते बघायचंय. मास्तर म्हणाले, "आजोबा, चिखलात कुणी बसत नाही." मी समजलो नाही. तेव्हा त्यांनी मला बघायला लावलं. पोरं फूटरेस्टवर उभी होती, गुडघे टाकीला हलकेच लावलेले, कोपरं बाहेर, नजर लांब. खालून गाडी सापासारखी वळवळत होती आणि वरची माणसं शांत. मी जन्मभर बसणाऱ्यांचा विचार केला, आणि जिथे जीव पणाला लागतो तिथे सीट रिकामी असते, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग म्हटलं, मला शिकवा. मास्तरांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं आणि कुठल्या तरी कागदावर माझी सही घेतली. तीन शनिवार गेलो. तुझ्या सासूला सांगितलं की दुकानात फोमचा माल उतरवायचाय. पहिल्या शनिवारी परत आलो तेव्हा ती म्हणाली, फोम चिखलातून उतरवला का? मी शिडीवरून पडलो म्हणालो. दुसऱ्या शनिवारी ती म्हणाली, शिडी विकून टाका. मास्तरांकडे तुझ्या गाडीसारख्याच दोन गाड्या आहेत, एक मूळ उंचीची आणि एक सीट कमी केलेली, डांबरावर नवशिक्यांना धीर यावा म्हणून. मला आधी ती कमी उंचीची दिली. पाणी मारलेल्या मातीत शिरलो, मागचं चाक जरा हललं, आणि माझा पाय आपोआप खाली गेला. मी टाकला नाही, तो गेला. जमीन जवळ असली की पाय विचारत नाही. पुन्हा शिरलो, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मास्तर ओरडले की पाय वर ठेवा, गाडी पडली तर पडू दे, पाय मध्ये आला तर पाय जाईल. आणि उठून उभं राहायचं तर तेवढ्या खोल बैठकीतून गुडघे उचलता उचलत नव्हते. दर वेळी खालच्या खुर्चीतून उठल्यासारखं. मी विचार केला, वयामुळे असेल.

मग उंच गाडी घेतली. टाचा टेकेनात, नुसते बोटांचे शेंडे, तेही एकाच बाजूचे. जीव मुठीत धरून निघालो. पण चिखलात शिरल्यावर पायाला खाली जायची वाटच नव्हती, जमीनच लांब. मग उभं राहण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, आणि उभा राहिलो तर गाडी खाली हवी तशी सरकली, मी वर राहिलो, आणि आम्ही दोघं पलीकडे पोचलो. पोरी, काय सांगू तुला, मला रडू आलं आणि हेल्मेटमुळे पुसता येईना. पुढच्या फेरीत पडलो, पण लांब पडलो, गाडी एकीकडे आणि मी दुसरीकडे, नुसता डाव्या कुल्ल्याला मार. गाडी उभी करताना मी अंगणात पाहिलं होतं तसंच केलं, पाठ लावून, मागे मागे चालत. मास्तरांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी तुझं सांगितलं. ते म्हणाले, "ती? सहा शनिवारांत तिने एकदाही पाय खाली टाकला नव्हता. तिचं असं कसं झालं, मला अजून कळलेलं नाही." मला कळलं होतं. दोन महिने तू त्या कमी केलेल्या सीटवर रोज गेलीस, दर थांब्याला, दर खड्ड्याला पाय आरामात खाली, आणि सहा शनिवारांत अंगात मुरलेलं त्या दोन महिन्यांत माझ्या दोन बोटांनी धुऊन काढलं. तू घाबरली नव्हतीस. तुझ्या पायाला मी खोटी सवय लावली होती. हे मला मास्तरांसमोर बोलता आलं नाही. हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि बसथांब्यावर येऊन बसलो.

गेले काही दिवस तू घरी बसूनही फोनवर काम करतेस ते मी बघतो. परवा त्याच नर्सचा फोन होता. तू तिला सांगत होतीस की मागचं झाकण काढा, डावीकडे दोन स्क्रू दिसतील, आणि बोलताना तुझा उजवा हात हवेत तो स्क्रू फिरवत होता. ते काम झालं नाही, तिला स्क्रू सापडेना. तू ठीक आहे म्हणालीस, कुणाला तरी पाठवते म्हणालीस, आणि फोन ठेवून हाताकडे बघत राहिलीस. पाठवायला कुणी नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आणखी एक सांगतो, तुझ्या नवऱ्याने सांगू नको म्हटलंय म्हणून सांगतोच. सात महिने दर रविवारी तू अंघोळीला गेलीस की तो ताडपत्री उचलून गाडीच्या साखळीला तेल घालतो. मी पकडलं तेव्हा म्हणाला, विकायची असली तरी गंजायला नको. मी विचारलं, विकायची बातमी तर महिन्यापूर्वीची आहे, आधीचे सहा महिने कशासाठी घालत होतास? त्यावर तो पुन्हा साखळी पुसायला लागला. त्याला तुझी काळजी वाटते, पण साखळीचीही वाटते. माणसं अशी असतात.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगतो. गाडी विकू नकोस असं मी म्हणणार नाही. तुला सांगायचा अधिकार मी त्या सुरीने स्वतःच कापून टाकलाय. विकायची तर वीक, टेबलाची जागा घ्यायची तर घे, घरात कुणी शब्द काढणार नाही, आणि माझ्यावर चिडायचं असेल तर मनसोक्त चीड, मी दुकानातच असेन. फक्त त्या माणसाला 'चालवणारी कमी पडली' असं सांगू नकोस, आणि स्वतःला तर मुळीच सांगू नकोस. चालवणारी पुरेपूर होती. कमी सीट केली होती, आणि ती मी केली होती. मंगळवारी तुझी सासू तो स्टुलावरचा तुकडा घरभर शोधत होती, तो मी नेला होता. नवा फोम लावून पाहिला, पण बसेना. हाताने घेतलेला काप वाकडातिकडा असतो, त्याला त्याचाच तुकडा जुळतो. त्यात तुझ्या टाचेचा खळगा पडलाय, तो नमद्याने, म्हणजे दाबलेल्या लोकरीने, भरला आणि तुकडा तळाशी चिकटवला, तुला बसताना जाणवणार नाही. गिऱ्हाईक म्हणून आली होतीस तेव्हा तू मला सीटवाले काका म्हणायचीस. भिंतीला टेकवलेली ती सीट त्या माणसाने बनवलीये, तुझ्या सासऱ्याने नाही. तरी या वेळी शब्दावर विश्वास ठेवू नकोस. कागदांच्या खाली माझी पोलादी पट्टी ठेवली आहे आणि गाडीच्या पुस्तकात मूळ उंची छापलेली आहे. सीट लावताना आधी पुढची जीभ खाचेत घाल, मग मागून दाब, खट्ट वाजेल. मग मोज. पुस्तकापेक्षा बरोबर एक बोट कमी भरेल. मोजून झाल्यावर विकण्याआधी एकदाच वर बसून बघ. पंजे टेकतील, टाचा वर राहतील. तू तेवढंच मागितलं होतंस.

तुझाच,
सीटवाले काका